सगळ्या मुलांचा शिक्षक कसा घडतो?

बी.एड.च्या पेपरात ‘बहुसांस्कृतिक शिक्षण : टीप लिहा’ असं आलं की उत्तर ठरलेलं असतं. भारत हा विविधतेने नटलेला देश आहे, इथे अनेक धर्म, भाषा आणि जाती गुण्यागोविंदाने नांदतात, शिक्षकाने सर्व संस्कृतींचा आदर करावा, स्नेहसंमेलनात निरनिराळ्या राज्यांची नृत्यं बसवावीत. पाचापैकी चार गुण पदरात पडतात. पुढे हाच छात्राध्यापक नोकरीला लागतो. पहिल्याच महिन्यात एक मुलगा दुसऱ्याला जातीवरून शिवी देतो, मागच्या बाकावरची मुलगी दिवसचे दिवस तोंड उघडत नाही, आणि ऑफिसातून शिपाई येऊन सांगतो, “शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत, एस.सी.ची मुलं उभी करा.” यातल्या एकाही प्रसंगी काय करायचं हे त्या टीपेत नव्हतं.

ती टीप आणि तो वर्ग यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल हा लेख आहे. जगभर या विषयाला दोन नावं आहेत: बहुसांस्कृतिक शिक्षण आणि वंशभेदविरोधी शिक्षण. दोन्ही एका दमात उच्चारायची पद्धत पडली आहे, पण दोन्हींचा रोख वेगळा आहे. तो फरक ब्रिटनच्या गोष्टीतून चटकन लक्षात येतो, म्हणून आधी तिकडे जाऊ.

समोसे, साड्या आणि एक पुस्तिका

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आणि भारत-पाकिस्तानातून अनेक कुटुंबं ब्रिटनमध्ये कामधंद्यासाठी गेली. त्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळांत दाखल झाली. कॅरिबियन मुलं घरी क्रिओल, म्हणजे इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली भाषा, बोलत. शिक्षकांच्या कानाला ती मोडकीतोडकी इंग्रजी वाटे. बुद्ध्यांक मोजायच्या चाचण्याही अस्सल ब्रिटिश घरातल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या. परिणाम असा झाला की मोठ्या संख्येने काळी मुलं मतिमंद मुलांसाठीच्या वेगळ्या शाळांत पाठवली गेली. ग्रेनाडाहून आलेले बर्नार्ड कोर्ड हे शिक्षक अशाच शाळांत शिकवत होते. १९७१ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला. मूल मंद नाही, शाळा त्याला मंद ठरवते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

पालक पेटून उठले. पुढे सरकारने समिती नेमली. अँथनी रॅम्प्टन तिचे अध्यक्ष होते. १९८१च्या अंतरिम अहवालात समितीने सांगितलं की ही मुलं मागे पडण्याच्या कारणांपैकी एक कारण शिक्षकांकडून होणारा, बऱ्याचदा नकळत होणारा, वंशभेद हे आहे. त्यावर मोठा गदारोळ झाला. रॅम्प्टन गेले, लॉर्ड स्वान आले आणि १९८५ साली अंतिम अहवाल निघाला. त्याचं नावच ‘सर्वांसाठी शिक्षण’. ज्या शाळेत एकही काळं मूल नाही, तिथल्या गोऱ्या मुलांनाही हे शिक्षण हवं, असं त्यात म्हटलं होतं. माझ्या मते त्या अहवालातली ही सगळ्यांत दूरदृष्टीची गोष्ट आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष गेलं.

याच काळात तिथल्या शाळांनी आपापल्या परीने विविधता साजरी करायला घेतली. एक दिवस साड्यांचा, एक दिवस समोशांचा, एक दिवस कॅरिबियन स्टील बँडचा. टीकाकारांनी त्याची टर उडवली आणि ‘साड्या, समोसे आणि स्टील बँड’ हा तिकडचा टोमणाच होऊन बसला. समोसा खाणारी गोरी मुलं आनंदात होती, पण मंद मुलांच्या शाळेत कोणाला पाठवायचं हा निर्णय जिथे व्हायचा, तिथे काहीच बदललं नव्हतं.

दोन नावांमधला फरक इथे आहे. बहुसांस्कृतिक शिक्षण विचारतं, ‘तुमच्याकडे काय काय आहे? आणा, सगळ्यांना दाखवा.’ वंशभेदविरोधी शिक्षण विचारतं, ‘नियम कोणाच्या घरातल्या मुलाला धरून केलेत, आणि त्यात कोणाचं मूल हरतं?’ अमेरिकेतले या विषयाचे जुने अभ्यासक जेम्स बँक्स यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली थोर व्यक्ती आणि सणवार यांची. दुसऱ्या पायरीवर पुस्तकात एखादा जादा धडा येतो. तिसऱ्यावर तीच घटना वेगळ्या माणसांच्या बाजूने पाहायला मुलं शिकतात. आणि चौथ्यावर मुलं आपल्या अवतीभवतीच्या अन्यायाबद्दल स्वतः काही करू लागतात.

पहिल्या पायरीवर महाराष्ट्राचा हात धरणारं कोणी नाही. जयंत्या, पुण्यतिथ्या, परिपाठातलं भाषण, भिंतीवरच्या तसबिरी, फोटोला हार. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून २०१७पासून तो दिवस आपण ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करतो. त्या दिवशी भाषणं जोरदार होतात. पण त्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतलं तरच प्यायला मिळे, शिपाई नसला तर तहानलेलंच राहावं लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते वाचून दाखवल्यावर ‘आपल्या वर्गात पाणी कोण भरतं?’ हा प्रश्न किती शिक्षक विचारतात? बँक्सच्या पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत एवढंच अंतर आहे. पार करायला मात्र धाडस लागतं.

आपल्याकडे वंश कुठे आहे?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य आहे. जात म्हणजे वंश नव्हे. जातीचा रंगाशी संबंध नाही, ती आडनावात, वस्तीत, बोलीत, भाकरी-तुकड्यात लपलेली असते. म्हणून अमेरिकेतलं प्रशिक्षण जसंच्या तसं उचलून इथे चालणार नाही. पण वंशभेदही आपल्याला परका नाही. ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या मुलांना पुण्या-मुंबईत काय काय नावांनी हाक मारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास शाळांत शिकवायची शिफारस केली. सावळ्या मुलीला समूहनृत्यात मागच्या रांगेत उभं करण्यासाठी तर आपल्याला परदेशातून काही शिकून यावं लागलं नाही.

शाळेच्या पातळीवर यंत्रणा मात्र सगळीकडे सारखीच चालते. कोणाकडून अपेक्षा ठेवायची, कोणाची भाषा शुद्ध मानायची, कोणाला चटकन शिक्षा करायची, पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर कोणाचं तपासायचं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी आणि इतर कित्येक जमातींना जन्मजात चोर ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. दप्तर तपासायची सवय तेव्हा रद्द झाली नाही.

फुल्यांची मागणी, आणि ती अपुरी का आहे

शिक्षक कसा निवडावा आणि कसा तयार करावा, हा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना आहे. १८८२ साली, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि ते मुलांपासून फटकून राहतात, असं त्यांनी सांगितलं. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, प्रशिक्षित असावेत, मुलांच्यात मोकळेपणाने मिसळणारे असावेत, त्यांना पगार बरा असावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याआधीच, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. विद्यार्थिनीने स्वतःच्या समाजाबद्दल स्वतःच्या आवाजात लिहिणं, आणि ते पुण्यातल्या शिक्षितांनी वाचणं. बँक्सची चौथी पायरी आपण त्यांच्या शंभर वर्षं आधी चढलो होतो, म्हणायला हरकत नाही.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, एका पंगतीत जेवू घातली. आणि १९३५ साली तिथेच शिक्षक तयार करणारं विद्यालय काढलं. क्रम पाहण्यासारखा आहे. एकत्र राहिलेली मुलं आधी, त्यांच्यातून घडणारे शिक्षक नंतर. आजच्या बी.एड. महाविद्यालयांत दोन वर्षांत छात्राध्यापक एकत्र जेवतात का, सराव पाठांचे गट कसे पडतात, कोणाचे कोणाशी पडतात, हे कुणी पाहत नाही. ते पाहिलं तर निम्मं प्रशिक्षण तिथेच होईल.

फुल्यांची मागणी आजही रास्त आहे. वंचित समाजातले शिक्षक शाळेत असले पाहिजेत, पुष्कळ असले पाहिजेत. पण एवढ्याने काम भागतं का?

रीमा हन्ना आणि ली लिंडन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या एका शहरात प्रयोग केला. मुलांची परीक्षा घेतली, मग उत्तरपत्रिकांच्या वरच्या पानावर नाव, वय, लिंग, जात ही माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही लावून दिली, आणि १२० शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. तोच पेपर ‘खालच्या’ जातीच्या नावाने आला की त्याला सरासरीने थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली धक्कादायक गोष्ट पुढेच आहे. कमी गुण देण्याचा हा कल प्रामुख्याने स्वतः त्याच जातींतल्या परीक्षकांमध्ये दिसला. आणि गठ्ठ्यातल्या पहिल्या-पहिल्या पेपरांना तो जास्त होता. हात बसला, मोजमाप पक्कं झालं, तसा तो ओसरला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, समाजाने शिकवलेली अपेक्षा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शिरलेली असते, तिचे बळी ठरलेल्यांच्याही. दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. जिथे मोजमाप ढिलं असतं तिथे पूर्वग्रह शिरतो. म्हणजे शिक्षकाला ‘तुम्ही जातीयवादी आहात’ असं ऐकवण्यापेक्षा पेपर तपासायला बसण्याआधी उत्तरसूची पक्की करायला लावणं, नाव दुमडून ठेवायला लावणं आणि पहिले दहा पेपर शेवटी पुन्हा पाहायला लावणं अधिक फळ देईल.

याची दुसरी बाजूही आहे. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी कॅलिफोर्नियातल्या अशा आठ शिक्षकांचा बारकाईने अभ्यास केला, ज्यांच्या हाताखाली काळी मुलं उत्तम शिकत होती. त्यांतले पाच काळे होते, तीन गोरे. शिकवण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या होत्या. समान असं काय होतं, तर हे मूल शिकू शकतं यावर पक्का विश्वास, मुलाच्या घरची संस्कृती वर्गात वापरायची हातोटी, आणि जगात जे चुकीचं चाललंय त्याबद्दल मुलांशी उघड बोलायची तयारी. पहिल्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. मुलांबद्दल नुसता कळवळा असलेला आणि त्यांना गणित न शिकवणारा शिक्षक लॅडसन-बिलिंग्ज यांच्या यादीत नव्हता. आपल्याकडे ‘बिचारी, घरी परिस्थिती नाही’ म्हणत अभ्यास सोपा करून देणारे पुष्कळ प्रेमळ शिक्षक आहेत. तोही भेदभावच, गोड बोलून केलेला.

‘एस.सी.ची मुलं उभी राहा’

आता त्या शिपायाच्या निरोपाकडे येऊ. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जात सगळ्यांदेखत वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी ठळकपणे घटली. मुलं तीच, कोडी तशीच. मध्ये फक्त एक घोषणा झाली होती.

आपल्या शाळांत ही घोषणा सरकारी कामाचा भाग म्हणून होते. शिष्यवृत्ती, प्रवर्गनिहाय पट, मुलींचा दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, गणवेशाची यादी. योजना हक्काच्या आहेत, त्या हव्यातच. पण माहिती जनरल रजिस्टरमध्ये असतेच. यादी शिक्षकांच्या खोलीत बसून करता येते, पालकांना निरोप वेगळा देता येतो. यासाठी एक पैसाही लागत नाही. लागतं ते इतकंच की शिक्षक घडवताना कुणीतरी त्याला हे सांगितलेलं असावं.

मुकी मुलगी कोरकू बोलते

मागच्या बाकावरच्या न बोलणाऱ्या मुलीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण भाषेच्या बाबतीत आपल्या शिक्षकांची तयारी सगळ्यांत कच्ची आहे आणि सगळ्यांत सहज सुधारण्यासारखीही तीच आहे.

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, पहिलीत येणारं मूल घरी कोरकू बोलतं. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळमध्ये कोलामी, नंदुरबारमध्ये भिली-पावरी, पालघरमध्ये वारली, रायगडमध्ये कातकरी. आपण या सगळ्यांना सरसकट ‘बोली’ म्हणतो, जणू मराठीच, जरा वाकडीतिकडी. कोरकू मुंडा कुळातली आहे, संथाळीची नातेवाईक. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, तेलुगू-कन्नडच्या सोयरिकीतल्या. मराठी त्या मुलांना तितकीच परकी आहे जितकी आपल्याला तमिळ. गोंडीत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. त्यामुळे गोंड मूल ‘तो’, ‘ती’, ‘ते’मध्ये घोटाळा करतं तेव्हा ते दुर्लक्ष करत नसतं, आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतं. हे माहीत असलेला शिक्षक लाल शाईने वही रंगवणार नाही, तो लिंगांचा वेगळा खेळ घेईल. माहीत नसलेला ‘मठ्ठ’ म्हणेल, आणि आपण पुन्हा १९७१च्या लंडनमध्ये पोचू.

शिक्षकाने सगळ्या भाषा शिकाव्यात असं कुणी म्हणत नाही. रोजच्या वापराची शंभरेक वाक्यं, नातेवाइकांची, झाडा-प्राण्यांची, शेतातल्या कामांची नावं, एवढं पहिल्या सत्रात येऊ शकतं. मुलांना आपापसात घरच्या भाषेत चर्चा करू देणं आणि उत्तर तेवढं मराठीत मागणं, वरच्या वर्गातल्या मुलीला दुभाषी करणं, गोष्ट आधी आजीकडून ऐकून मग फळ्यावर आणणं, हे सगळं शिकवता येण्यासारखं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. ‘मूल शाळेत का येत नाही’ हा प्रश्न त्यांनी ‘शाळा मुलाकडे का जात नाही’ असा फिरवून घेतला.

कायदाही या बाजूने आहे. राज्यघटनेच्या ३५०अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवायची सोय करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही जमेल तितकं मातृभाषेतून शिकवावं असं आहे. ‘जमेल तितकं’ या दोन शब्दांच्या आड बरंच काही न जमता राहून जातं.

मराठी बोलणाऱ्यांतही हाच खेळ चालतो. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला सगळा वर्ग हसतो, वऱ्हाडातलं पोर ‘शाया’ म्हणालं की पुण्याच्या बाई दुरुस्त करतात. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, तिच्याशिवाय परीक्षा आणि नोकरी दोन्ही अडतात. ‘घरी असं बोलतो, पुस्तकात असं लिहितो, आपल्याला दोन्ही आलं पाहिजे’ हे वाक्य आणि ‘नीट बोल, गावंढळासारखं बोलू नकोस’ हे वाक्य, दोन्हींनी प्रमाण मराठीच शिकवली जाते. पहिल्याने मूल बोलत राहतं, दुसऱ्याने गप्प होतं.

निबंधाचे विषयही याच पठडीतले. ‘दिवाळीच्या सुट्टीतील गंमत’. बीडच्या ऊसतोड कामगारांची मुलं त्याच सुमारास आईबापांबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडावर निघालेली असतात. त्यांनी गंमत लिहायची कुठली?

मग प्रशिक्षणात करायचं काय?

कागदावर आपल्याकडे बरंच आहे. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचा झाला, त्यात शाळेतली आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन करायचा सराव, वीस आठवड्यांची झाली. लिंगभाव, शाळा आणि समाज, तसंच अभ्यासक्रमातील भाषा, अशा विषयांना स्वतंत्र पेपर मिळाले. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं. अडचण अशी की हे विषय पेपर म्हणून येतात आणि पेपर म्हणून जातात. आंतरवासितेत सराव पाठाचं निरीक्षण होतं तेव्हा तक्त्यात असतं: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, शैक्षणिक साधन, उपयोजन. प्रश्न कोणाकोणाला विचारले हा रकाना नसतो.

तो रकाना घालायचा. निरीक्षकाने वर्गाचा बसण्याचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक प्रश्नाची रेघ त्या त्या मुलाकडे ओढायची. तासिकेच्या शेवटी नकाशा छात्राध्यापकासमोर ठेवायचा, टिप्पणी न करता. पुढच्या तीन बाकांवर रेघांचं जाळं आणि खिडकीकडची रांग कोरी, हे त्याला स्वतःच दिसतं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. दुसऱ्या भाषेतून विचार करणाऱ्या मुलाला त्या जास्तीच्या दोन सेकंदांची किंमत फार मोठी आहे.

पुढचा भाग रंगीत तालमीचा. वर्गात जातीवरून शिवी आली. शिक्षक बहुधा काय करतो? एक तर ऐकलं न ऐकल्यासारखं करतो, किंवा शिवी देणाऱ्याला फटका देऊन ‘सॉरी म्हण’ म्हणतो. फटका देणं शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे बेकायदा, आणि ‘सॉरी’ने काहीच उलगडत नाही. त्या क्षणी म्हणायची वाक्यं आधीच तोंडात बसलेली हवीत. ‘थांबा. या वर्गात कोणाच्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून बोलायचं नाही. मी हे ऐकलं आहे आणि आपण यावर बोलणार आहोत.’ मग दुखावलेल्या मुलाशी वेगळं, एकांतात. त्याला सगळ्यांसमोर ‘तुला कसं वाटलं सांग’ असं उभं करायचं नाही. शिवी देणाऱ्याला ती कुठे ऐकली हे विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा घरातून येतं, तेव्हा पालकांशी बोलणंही तालमीत हवं, आणि गावच्या पुढाऱ्याचा फोन आल्यावर काय म्हणायचं हेही. प्रशिक्षणात हे दहा वेळा करून पाहिलेला शिक्षक अकराव्या वेळी खऱ्या वर्गात गांगरणार नाही.

मुलांवर प्रयोग मात्र करू नयेत. आयोवातल्या जेन इलियट या शिक्षिकेने १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, तिसरीच्या मुलांची निळे डोळे आणि तपकिरी डोळे अशी विभागणी करून भेदभावाचा अनुभव दिला. तो प्रयोग जगप्रसिद्ध झाला, आपल्याकडेही शिबिरांत त्याचा दाखला हमखास देतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मुद्दाम अपमानित करून धडा देणं मला पटत नाही, आणि जी मुलं रोजच अपमान सोसतात त्यांना तर त्यातून शिकण्यासारखं काहीच नाही.

एक दिवसाच्या शिबिराने काय साधतं? माझं मत सांगायचं तर चहा, बिस्किटं आणि प्रमाणपत्र. पण सगळंच छोटं निरुपयोगी नसतं, हेही खरं. कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत शिक्षकांना संगणकावर दोन छोटी सत्रं दिली गेली. त्यांत एकच गोष्ट होती: बेशिस्त मुलाशी वागताना त्याची बाजू आधी समजून घ्यायची. त्या वर्षात शाळेतून तात्पुरतं काढून टाकलेल्या मुलांचं प्रमाण ही सत्रं न मिळालेल्या शिक्षकांच्या मुलांत ९.६ टक्के होतं, या शिक्षकांच्या मुलांत ४.८ टक्के. नंतरच्या मोठ्या अभ्यासात परिणाम इतका सरसकट दिसला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात शिक्षक दोन वर्षं आपल्या तासांचं चित्रण एका मार्गदर्शकाकडे पाठवत आणि त्यावर फोनवर बोलत. चर्चा सगळी वर्गातल्या वागण्याबोलण्याची, वंशाचा विषय मुद्दाम काढलेला नव्हता. तरी बेशिस्तीबद्दल काळ्या मुलांना ऑफिसात पाठवण्याचं एरवी जास्त असणारं प्रमाण त्या शिक्षकांच्या वर्गांत इतर मुलांच्या बरोबरीला आलं. दोन्हींत एक साम्य आहे. कोणीही शिक्षकांना विविधतेवर व्याख्यान दिलं नव्हतं. ठराविक क्षणी ठराविक गोष्ट वेगळी करायला शिकवलं होतं.

हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे, कारण केंद्रशाळेच्या पातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषद होते. दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एकत्र येतात, केंद्रप्रमुख असतात. त्यातला बराचसा वेळ पोर्टलवरची माहिती, लिंक आणि परिपत्रकं यांत जातो. एक तास दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गाचे नकाशे पाहायला ठेवला, तर वेगळं बजेट लागणार नाही. खिचडी कोण वाढतं, झाडू कोणाच्या हाती जातो, हे हजेरी क्रमांकाने फिरतं का, हेही तिथेच विचारता येईल.

‘मुलांच्या मनात जात नसते, तुम्हीच घालता’ हा आक्षेप राहिला. तो बहुधा त्यांच्याकडून येतो ज्यांना शाळेत आडनाव सांगताना कधी अडखळावं लागलं नाही. पहिलीतल्या मुलाला जातीचा अर्थ कळत नसेल, पण कोणाच्या घरी पाणी प्यायचं नाही हे त्याला घरून शिकवून पाठवलेलं असतं. शिक्षक गप्प बसला तर घरची शिकवण तेवढी उरते.

आणि एक गोष्ट शासनाच्या हातची. जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात अवघड क्षेत्रातल्या शाळेत तीन वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो. शिक्षकाच्या घरसंसाराचा विचार करता ते योग्यच आहे. पण मेळघाटातल्या शिक्षकाला कोरकू कळू लागते, मुलं त्याच्याशी बोलू लागतात, नेमकं तेव्हाच त्याचं नाव यादीत येतं, आणि त्याच्या जागी अचलपूरहून किंवा अमरावतीहून कोरा माणूस येतो. मुलांची भाषा येणाऱ्या शिक्षकाला तिथेच राहण्यासाठी वेगळा भत्ता द्यावा, निदान जाण्याआधी एक सत्र त्याने नव्या शिक्षकाबरोबर त्याच वर्गात काढावं, एवढा बदल त्या धोरणात बसवता येईल.